गणेशखिंडीचे फाटक

माझे वडील औंधच्या वस्तीतून शिवाजीनगरला गोदामात हमालीला जात. सायकलवरून. वाटेत गणेशखिंडीला विद्यापीठाचे मोठे फाटक लागे. एकवीस वर्षे, सुट्टीचे दिवस सोडून, दिवसातून दोनदा ते त्या फाटकापुढून गेले. आत एकदाही गेले नाहीत. कोणी अडवले होते असेही नाही. मी लहानपणी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "आपलं काय काम हाय तिथं?"

मी स्वतः बी.कॉम. झालो तो याच विद्यापीठातून. पण बहिःस्थ. दिवसा एका दुकानात हिशेब लिहायचे आणि रात्री गाईड वाचायचे. फॉर्म भरायला आणि गुणपत्रक आणायला मिळून चार-पाच वेळा आत गेलो असेन. काम झाले की सरळ बाहेर. ग्रंथालय कोठे आहे ते पदवी मिळेपर्यंत मला ठाऊक नव्हते. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांनी मी हातात पदवी घेऊन बहिःस्थ तो बहिःस्थच राहिलो! यात विद्यापीठाला बोल लावण्यासारखे काही नाही. पाय माझेच जड होते.

हे घरचे गाऱ्हाणे मांडण्याचे कारण असे की फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, थंडी ओसरून झाडांना नवी पालवी फुटते त्या दिवसांत, या आवारात अनेक कार्यक्रम होतात. व्याख्याने, प्रदर्शने, महापुरुषांच्या जयंत्या. त्यांपैकी कितीतरी सर्वांसाठी खुले असतात, तिकीट नसते. पण औंध, बोपोडी, दापोडी, येरवडा या आपल्या वस्त्यांतून तेथे जाणारी कुटुंबे फार थोडी. सारसबागेत आपण जातो, पेशवे पार्कात जातो. विद्यापीठात मात्र 'काम असेल तरच' जातो.

आजची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यात राहण्याचा बंगला. तिचे बांधकाम १८६० च्या दशकात सुरू झाले. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना सावित्रीमाईंना त्या रोगाची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला या बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तेथून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. मला शाळेत गोळीची हकिकत शिकवली होती, १० मार्चची नाही. आज मात्र त्या बंगल्यासकट सगळ्या आवाराला सावित्रीमाईंचे नाव आहे. २०१४ साली नामविस्तार झाला आणि २०२२ पासून मुख्य इमारतीच्या आवारात माईंचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. माईंच्या घरी जायला आपल्याला कोणते काम लागते?

प्रथम २८ फेब्रुवारीविषयी सांगतो. १९२८ साली या दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाविषयीचा आपला शोध लावला, म्हणून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. विद्यापीठाच्या आवारातच खगोलशास्त्राचे मोठे केंद्र आहे, त्याला 'आयुका' म्हणतात. १९८८ साली ते स्थापन झाले आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. डॉ. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. विज्ञान दिनाला या केंद्राची दारे लोकांसाठी उघडतात आणि शाळकरी मुलांच्या रांगा लागतात. आम्ही एके वर्षी वस्तीतली बावीस मुले आणि सहा माता-भगिनी घेऊन गेलो. पीएमटीच्या बसने. (आता पीएमपी म्हणतात, पण जीभ वळत नाही.)

आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. आमच्या मुलांनी आधी त्यांच्या पायांपाशी बसून डबे उघडले, तेव्हा मला जरा धास्ती वाटली, पण कोणी काही बोलले नाही. आत एक लांब तारेला टांगलेला जड लंबक आहे. तो सावकाश हलतो आणि हलता हलता त्याची दिशा फिरत जाते. खरे म्हणजे तो आपल्याच रेषेत हलतो, त्याच्याखालची पृथ्वी फिरते. पुण्यात त्या रेषेचा पूर्ण फेरा व्हायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. इयत्ता सहावीतला एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, म्हणजे आत्ता आपण फिरतोय?" होय बाबा, तू, मी आणि तुझा डबासुद्धा.

याच केंद्रात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. अरविंद गुप्ता नावाच्या गृहस्थांनी येथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवून दाखवली. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला माणूस काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा करतो! २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तशी खेळणी पाहताना आमच्यातली एक मुलगी, जिची आई भंगार वेचते, एकदम मोठ्याने म्हणाली, "हे सगळं तर आमच्या मम्मीच्या पोत्यात असतं." मुले हसली. तेथला तरुण कार्यकर्ता हसला नाही. त्याने तिलाच पुढे बोलावले आणि तिच्या हातून बाटलीचा पंखा करून घेतला. तो पंखा तिने घरी आणला. पुढे कित्येक दिवस तो त्यांच्या दाराला अडकवलेला मी पाहत होतो.

माता-भगिनींचे सांगायचे राहिले. एकीने विचारले, ग्रहणात पोटुशीने भाजी चिरली तर मुलाचा ओठ फाटतो म्हणतात, ते खरे काय? विचारताना ती पदर तोंडाला लावून होती. समजावणाऱ्या संशोधक मुलीने एक चेंडू, एक दिवा आणि आपली मूठ एवढ्यावर ग्रहण करून दाखवले आणि म्हणाली, "मावशी, ही सावली आहे. भिंतीची पडते तशीच. भिंतीच्या सावलीत तुम्ही भाजी चिरताच की." इतके सोपे! बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो, पण सून गरोदर असली की ग्रहणाच्या दिवशी सुरी लपवणारी घरे आपल्यातही आहेत. पत्रिका तर विचारूच नका. विहारात मंगल परिणय लावायचा आणि त्याच्या आधी गुपचूप कोणाकडून गुण जुळवून आणायचे. अशांसाठी एक गोष्ट सांगतो. डॉ. नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषाची चाचणी घेतली. त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासल्या. बरोबर आलेली उत्तरे सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० टक्के आली असती. मी हिशेबाचा माणूस, मला हा आकडा फार आवडतो.

आता एप्रिल. ११ तारखेला जोतीराव फुले जयंती, १४ तारखेला बाबासाहेबांची. या सुमारास महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. पुण्यात तो जयकर ग्रंथालयात झाला आहे, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात होतो, कोल्हापूरलाही झाला आहे. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत त्याची ही आठवण. बहुधा पहाटे सहाला बसायचे ते रात्री बारापर्यंत. पाणी, चहा, दोन घास, एवढेच मध्ये. भाषण नाही, हार नाही, भोंगा नाही. जयंतीच्या साऱ्या कार्यक्रमांत इतका शांत कार्यक्रम मी दुसरा पाहिला नाही.

काही जण याला नाटक म्हणतात. वर्षभर पुस्तक न उघडणाऱ्याने एक दिवस अठरा तास बसून काय साधते, असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नाही. पण असे म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा मुलासाठी वेगळी खोली असते. आमच्या वस्तीतले घर म्हणजे दहा बाय बारा. माणसे सहा. मी एकदा कागदावर हिशेब मांडला होता. पहाटे पाचला नळाला पाणी येते, तेव्हापासून हंडे-बादल्या. सातला स्टोव्ह, डबे. दुपारी शेजारचा पत्रेवाला. संध्याकाळी सातपासून टी.व्ही., तो साडेदहाला बंद होतो. मग अंथरुणे पडली की दिवा लावायचा नाही, कारण वडिलांना पहिली पाळी. शांतता, उजेड आणि पाठ टेकायला जागा या तिन्ही गोष्टी एका वेळी मिळतील असा दिवसातला एक तासही मला त्या कागदावर सापडला नाही. ग्रंथालयात त्या सलग अठरा तास मिळतात. त्या दिवशी पोराला प्रथम कळते की आपले डोके जड नव्हते, घर अरुंद होते.

बाबासाहेबांचे तरी काय? परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यात सगळा संसार, आणि सुभेदार रामजीबाबा पोराला पहाटे दोनला उठवीत, कारण तेवढाच वेळ शांत. म्हणून तर शाळेत असताना ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. बाग सार्वजनिक होती, म्हणून बसता आले. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची या वाचणाऱ्या मुलावर नजर गेली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या बागेच्या बाकाचा आणि १९५६ च्या दीक्षेचा असा संबंध आहे. आणि बागेत वाचणारा तो मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर, १९१६ च्या वसंत ऋतूत, ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचायला उभा राहिला.

ज्या ग्रंथालयाविषयी लिहितो आहे त्याला डॉ. मु. रा. जयकरांचे नाव आहे. ते या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते मध्यस्थ होते. पुढे १७ डिसेंबर १९४६ रोजी बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा बोलले, तो विषयही जयकरांच्या दुरुस्तीतूनच निघाला होता. आपली मुले आत बसतात तेव्हा हे सांगितलेले बरे.

पहिल्या वर्षी आम्ही महाविद्यालयात शिकणारी अकरा मुले-मुली घेऊन गेलो. फजिती झाली. दहा वाजेपर्यंत तिघे बाकावर मान टाकून झोपले. एक जण चहाला गेला तो संध्याकाळीच दिसला. पण दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी सकाळपासून जागची हलली नव्हती. तिचे वडील रिक्षा चालवतात. रात्री नऊला ते रिक्षा घेऊन आले आणि म्हणाले, "पोरीची जात, बारापर्यंत बाहेर ठेवणार नाय. चल." मुलगी उठली नाही, रडलीही नाही. पुस्तकात बोट घालून नुसती उभी राहिली. मी म्हटले, "दादा, मी घरापर्यंत सोडतो." ते ऐकेनात. बरोबर त्यांची मंडळी होती. त्या चार घरची धुणीभांडी करतात, त्या दिवशीही केली होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मी बसते हिच्यापाशी."

त्या बाहेर पायरीवर बसल्या, मीही बसलो. रात्र गार झाली होती. कडुलिंबाचा मोहर गळून पायरीवर पडत होता, त्याचा वास येत होता. त्यांनी एकदा विचारले, "भाऊ, आत काय करत्यात इतका येळ?" मी म्हटले, "वाचतात." पुन्हा बराच वेळ काही नाही. अकराच्या सुमारास त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि विहारात शिरताना काढतो तशा चपला काढून ठेवल्या. दाराशी बसलेला विद्यार्थी म्हणाला, "मावशी, चपला घालूनच या." तरी त्यांनी घातल्या नाहीत. अनवाणीच आत जाऊन लेकीच्या मागे उभ्या राहिल्या. दिव्यांखाली शे-दीडशे माना वाकलेल्या, पाने उलटल्याचा तेवढा आवाज. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या बाईसायबांच्या घरी पोरगं अभ्यासाला बसलं की मला भांडी हळू घासायला सांगत्यात. मला वाटायचं, त्यांचं काय नखरं."

बाराला मुलगी बाहेर आली. वडीलही पुन्हा आले होते, फाटकाशी रिक्षा लावून थांबले होते. आम्ही चौघे त्याच रिक्षातून औंधला आलो. भाडे घ्यायला ते तयार नव्हते.

या बाईंमुळे पुढची गोष्ट घडली. पुढल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या मंडळाची जयंतीची बैठक झाली. पावती पुस्तके छापून आली होती आणि डीजेची सुपारी कोणाला द्यायची यावर दोन तास वाद चालला होता. स्पष्टच सांगतो, मी मिरवणुकीच्या विरोधात नाही. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या माणसाने एक दिवस निळा गुलाल उधळून रस्त्यावर मोकळेपणी चालावे, याचे मोल मला कळते. माझे वडील एरवी कधी नाचले नाहीत, जयंतीला नाचत. पण एकाच्या जागी तीन भिंती आवाजाच्या, आणि त्या ज्या रात्री वाजतात त्याच्या दुसऱ्या सकाळी पोरांचे पेपर, हे कोणत्या हिशेबात बसते? हे मी बोललो तर पोरे म्हणाली, "काका दर वर्षी हेच बोलतात." खरे होते.

तेव्हा त्या बाई मागून बोलल्या. बैठकीत बायका बोलत नाहीत आमच्याकडे, हा आमचा दोष. त्या म्हणाल्या, "वाजवा की. पण आमच्या वर्गणीतलं अर्धं मला द्या. मला विहाराच्या मागच्या खोलीत दिवं लावायचं हायत." आक्का, दिवे कशाला, कोणी विचारले. "पोरांना बसाया."

सगळे एकदम मान्य झाले असे नाही. डीजे आला. तीनऐवजी एक. उरलेल्या पैशांत जुन्या बाजारातून सहा टेबले आणि बारा खुर्च्या आणल्या, त्यांतल्या दोन खुर्च्यांना पाय नवे लावावे लागले. ट्यूबा चार. मागच्या खोलीत गणेशोत्सवातले कोणाचे तरी बांबू, जुने बॅनर आणि एक मोडकी ट्रॉली होती, ती हलवायलाच आठवडा गेला. खिडकीला जाळी नव्हती, म्हणून पहिल्या महिन्यात मुले डासांनी हैराण झाली. विजेचे बिल मंडळ भरते. एप्रिलमध्ये खोली भरलेली असते, जूनमध्ये दोघे-तिघे, पावसाळ्यात गळते म्हणून बंद. सप्टेंबरात पुन्हा. मी नोंदवही ठेवली आहे. गेल्या परीक्षेच्या दिवसांत एका रात्री जास्तीत जास्त एकोणीस मुले होती, आणि खुर्च्या बारा, म्हणजे सात जण सतरंजीवर.

ज्यांना विद्यापीठात मुलांना न्यायचे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. विज्ञान दिनाचे वेळापत्रक आधी वर्तमानपत्रांत येते. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी रांग फार वाढते आणि ऊन लागते. पाणी आणि डबा बरोबर ठेवा. अठरा तासांच्या अभ्यासाला बाहेरच्यांना बसू देतात की केवळ विद्यार्थ्यांना, आणि नाव आधी नोंदवावे लागते काय, हे त्या-त्या ग्रंथालयात विचारून मगच मुले न्यावीत. ओळखपत्र लागेलच. मुलींना रात्री परत आणायची सोय आधी ठरवून ठेवा, आणि शक्य असेल तर एखाद्या आईला बरोबर घ्या. फाटकावर पहारेकरी विचारतो, "कुठं जायचंय?" हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारतो. घाबरू नये. कार्यक्रमाचे नाव सांगावे आणि आत जावे.

माझे वडील आता थकले आहेत, सायकल केव्हाच गेली. गेल्या फेब्रुवारीत त्यांना नातवंडांबरोबर रिक्षाने नेले. त्याच रिक्षाने. मुख्य इमारतीपाशी सावित्रीमाईंच्या पुतळ्याला हात जोडून ते वडाखाली बसले आणि म्हणाले, "लई मोठी सावली हाय रे." मग लघवीला जागा कुठे आहे ते विचारू लागले. तेवढ्या मोठ्या आवारात ती शोधायला आम्हाला वेळ लागला, म्हणून म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांनी तेही आधी पाहून ठेवावे.

ती मुलगी आता एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विहाराच्या खोलीची किल्ली तिच्या आईकडे असते. रात्री साडेअकराला त्या येतात, चपला बाहेर काढतात, कोण अजून वाचते आहे ते पाहतात आणि ज्याचे वाचून झालेले नसेल त्याच्यासाठी किल्ली खिडकीत ठेवून जातात.